थकलेला की लंगडा?

हिवाळा सरत आला होता. अमेरिकेतल्या आयोवात या दिवसांत बर्फ अर्धा वितळतो, अर्धा चिखलात मिसळतो आणि बुटाला चिकटला की घरी येईपर्यंत सुटत नाही. एम्स या विद्यापीठाच्या गावापासून तासाभराच्या अंतरावर एका शेडमध्ये डुकरांची नुकतीच दूध तोडलेली पिल्लं आली होती, त्यांना लस द्यायची होती. सुई नाही, इंजेक्शन नाही, पिल्लांची किंकाळी नाही. ही लस पाण्यातून पाजतात. आधी थोडा वेळ पाणी बंद ठेवायचं, म्हणजे सगळ्यांना तहान लागते. मग लस कालवलेलं पाणी लाइनमध्ये सोडायचं आणि चार तासांच्या आत ते संपवायचं. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन लशीतल्या जंतूला मारतं, म्हणून त्यात साय काढलेल्या दुधाची पावडर घालतात. शेडचा म्हातारा मालक ती पावडर बादलीत स्वतः ढवळत होता. अमोनियाच्या झोंबणाऱ्या वासात तो दुधाचा वास मधूनच नाकाशी यायचा आणि मला उगाच घरच्या स्वयंपाकघराची आठवण व्हायची. मी त्याला पुन्हा एकदा बजावत होते, की आज आणि आजच्या मागचेपुढचे तीन-तीन दिवस पाण्यात किंवा खाद्यात अँटिबायोटिक अजिबात नको. का नको, असं त्यानं विचारलं. म्हटलं, लशीतला जंतू मरेल.

तो म्हणाला, "म्हणजे ज्याला मारायला मी जन्मभर पैसे मोजले, त्यालाच आता आठवडाभर सांभाळायचं?"

मी हसले. म्हटलं, हा तो नाही, त्याचाच भाऊबंद आहे, पण दुबळा केलेला. त्यानं ढवळणं थांबवलं. "दुबळा म्हणजे कसा? थकलेला, की लंगडा?" आणि मला कळलं नसेल असं वाटून पुढे म्हणाला, "थकलेला असेल तर चार दिवस बसेल आणि उठेल. लंगडा असेल तर हरकत नाही." मी परवाना, चाचण्या, सुरक्षितता वगैरे जे लेबलवर असतं ते सांगितलं. त्यानं मान हलवली आणि पुन्हा ढवळायला लागला. उत्तर चुकीचं नव्हतं. पण त्याच्या प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं.

त्या शेडमध्ये शिरण्याआधी आंघोळ करावी लागते. सगळीकडे इतकी कडक शिस्त नसते, कुठे कुठे बूट आणि ओव्हरऑल बदलले की चालतं. हा मालक मात्र कडक. बाहेरच्या खोलीत घड्याळ, कानातलं, अंगठी काढून ठेवायची, केसांवरून साबण लावून नहायचं आणि पलीकडच्या दाराने बाहेर पडून शेडचेच कपडे घालायचे. अगदी आतले कपडेसुद्धा शेडचेच. कुठल्या तरी खाद्यकंपनीचं नाव छापलेला, धुऊन धुऊन विटलेला टी-शर्ट आणि कोणाच्या मापाचे कोणास ठाऊक असे गमबूट. अलीकडचं काही पलीकडे न्यायचं नाही, आत गेलेलं न धुता बाहेर आणायचं नाही. पहिल्यांदा त्या दाराच्या उंबऱ्यावर ओल्या केसांनी उभी राहिले तेव्हा मला आजी आठवली आणि हसू आवरेना. सोबतच्या बाईंना वाटलं, पाणी गार होतं म्हणून मी अशी करतेय.

आजीकडे सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावी डुकरं गल्लीबोळातून मोकळी फिरायची. गटारीच्या कडेने एक मादी आणि तिच्यामागे सात-आठ पिल्लांची रांग. शाळेतून येताना एखादं अंगाला घासून गेलं तर घरात पाऊल टाकायची सोय नव्हती. परसातून थेट मोरीत. दप्तरसुद्धा ओट्यावर ठेवायचं. आजीची सोवळ्याची साडी दांडीवर वाळत असायची आणि तिच्या जवळून जातानाही आम्ही अंग चोरायचो. म्हणजे डुकरामुळे आंघोळ माझ्या हाडीमाशी भिनलेली. फक्त ती डुकरानंतर करायची असते, आधी नाही. इथे उलट. इथे सोवळ्यात डुकरं आहेत आणि विटाळ आपला.

आई एम्सला आली होती तेव्हा तिला एकदा डुकरं बघायची हुक्की आली. नातेवाइकांना ती माझ्याबद्दल सांगते ते फार मोजून मापून. "लशींवर काम करते" इथपर्यंत बिनदिक्कत, "जनावरांच्या" हे थोड्या खालच्या आवाजात, आणि कोणती जनावरं हे कोणी विचारलंच तर विषय अमेरिकेतल्या थंडीवर. त्यामुळे तिनं आपण होऊन डुकरं बघते म्हणावं याचं मला कोण अप्रूप वाटलं. पण नेता येईना. आपल्याकडे लाळ्या-खुरकूत आहे. त्यामुळे भारतातून नुकत्याच आलेल्या माणसाला इथले लोक काही दिवस शेडच्या आसपास फिरकू देत नाहीत. मी तिला समजावून सांगितलं. तिनं चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाली, "म्हणजे मी ओवळी?" आणि मग दोघी इतक्या हसलो, की खालच्या मजल्यावरच्यांनी छतावर ठोकलं. रात्री मात्र ती गंभीरपणे म्हणाली, "आजी असती तर तिला हे सांगू नकोस म्हटलं असतं."

गावातली ती डुकरं कुणाची तरी असायची. मोकाट वाटायची, पण होती मालकीची. ओढ्यापलीकडच्या वस्तीतली कैकाडी कुटुंबं ती पाळायची आणि आपली आपल्याला ओळखता यावीत म्हणून कानाला खूण करायची. एका पावसाळ्यात डुकरं पटापट मेली. शाळेच्या वाटेवर एक बाई मेलेल्या मादीशेजारी बसून मोठमोठ्याने रडत होती आणि आम्ही मुलं नाकाला रुमाल लावून तिला वळसा घालून गेलो. तिची वर्षाची कमाई गेली असेल. कोणी जनावरांचा डॉक्टर बोलावल्याचं माझ्या कानावर आलं नाही. लोक म्हणाले, बरं झालं, घाण गेली. बहुधा तो स्वाइन फीवर असावा, म्हणजे विषाणू, मी ज्यांच्यावर काम करते त्या जीवाणूंपैकी नव्हे. पण हे मी आज इथे बसून म्हणते. तेव्हा तपासलं कोणी?

जीवाणूंच्या जिवंत लशींची गोष्ट डुकरांच्या बाबतीत अशाच एका मरतुकीने सुरू होते, फक्त तिथे कोणीतरी तपासायला गेलं. फ्रान्सच्या दक्षिणेला ऱ्होन नदीच्या खोऱ्यात बोलेन नावाचं गाव आहे. 1882 च्या नोव्हेंबरात लुई पाश्चर तिथे गेला. वय साठीला टेकलेलं, पक्षाघाताने डावी बाजू अधू झालेली. सोबत भाचा आद्रियाँ लुआर आणि लुई त्युइलिए नावाचा तरुण सहकारी. त्या भागात रुजे नावाच्या रोगाने हजारो डुकरं मरत होती. कातडीवर लालभडक चट्टे उठायचे, काही जनावरांवर तर चौकटच्या आकाराचे, आणि काही तासांत जनावर आडवं. आज आपण त्याला एरिसिपेलस म्हणतो. जंतू त्युइलिएला त्याच वर्षी मार्च महिन्यात सापडला होता. आता प्रश्न त्याला दुबळा करण्याचा. गावातल्या पशुवैद्याच्या घरी मुक्काम टाकून, डुकरांचे गोठे धुंडाळत ही मंडळी काम करत होती. ज्या माणसाच्या नावाने आज जगभर संस्था आहेत, तो उतारवयात काठी टेकत डुकरांच्या खुराड्यांतून फिरतोय, हे चित्र मला त्याच्या कुठल्याही पुतळ्यापेक्षा जवळचं वाटतं.

त्यांना जे दिसलं ते चक्रावून टाकणारं होतं. तो जंतू कबुतराला टोचला, त्यातून पुढच्या कबुतराला, असं करत गेलं, तर तो कबुतरांना जास्त जास्त मारू लागतो आणि परत डुकराला दिला तर डुकरालाही आधीपेक्षा लवकर मारतो. सशांतून तसाच नेला, तर सशांसाठी तो दर फेरीला अधिक घातक होत जातो. पण तोच सशांना हमखास मारणारा जंतू डुकराला टोचला, की डुक्कर आजारी पडतं, चार दिवस मान टाकतं आणि उठतं. त्यानंतर त्याला मूळ रोग होत नाही. 1883 साली पाश्चर आणि त्युइलिए यांनी ही लस जाहीर केली.

म्हणजे तो जंतू दुबळा झालाच नव्हता.

सशांना विचारलं असतं तर त्यांनी तो माजलाय असं सांगितलं असतं. तो डुकरापुरता दुबळा झाला होता. मी विद्यापीठात हे परीक्षेपुरतं शिकले होते आणि एका ओळीत लिहूनही टाकलं होतं. त्या म्हाताऱ्याने विचारल्यानंतर मात्र रात्री भांडी घासताना, गाडी चालवताना, हेच डोक्यात फिरायचं. दुबळेपणा जंतूच्या अंगात नसतोच की काय? तो जंतू आणि ज्याच्या अंगात तो शिरतो, त्या दोघांच्या मधे कुठेतरी असतो. म्हाताऱ्याच्या नातवाला पुढे कधी कॅन्सरची, प्रतिकारशक्ती घटवणारी औषधं घ्यावी लागली आणि तो शेडमध्ये आला, तर त्याच्यासाठी हा दुबळा राहील का, असा प्रश्न त्यानं विचारला नव्हता. पण त्याच्या प्रश्नाच्या पोटात तो होता.

त्युइलिए त्याच वर्षी गेला. कॉलऱ्याचा जंतू शोधायला पाश्चरने इजिप्तला जी तुकडी पाठवली तीत तो होता, आणि सप्टेंबर 1883 मध्ये अलेक्झांड्रियात त्याला स्वतःलाच कॉलरा झाला. वय अवघं 27. रॉबर्ट कॉख आणि त्याची जर्मन तुकडी त्याच शहरात, त्याच शोधात होती. फ्रेंच आणि जर्मन एकमेकांचं तोंड बघत नसत असे ते दिवस, पण कॉख अंत्ययात्रेला आला आणि त्यानं शवपेटीला खांदा दिला. डुकरांच्या लशीबद्दल कुठे काही वाचलं की पाश्चरचं नाव असतंच, त्युइलिएचं शोधावं लागतं. हे मला खुपतं, एवढंच. दहा वर्षांनी त्याच पाश्चरच्या संस्थेतून वाल्डेमार हाफकिन भारतात आला तो जिवंत जंतूंची कॉलऱ्याची लस घेऊन, आणि ती तयार करायला त्यानं जंतू एका गिनिपिगमधून दुसऱ्या गिनिपिगमध्ये असाच फिरवला होता. पुढे मुंबईत प्लेगसाठी त्यानं मेलेल्या जंतूंची लस केली. परळची ती इमारत आपल्याला माहीत असते. तिच्या मागे कुठेतरी बोलेनची डुकरं आहेत हे कोणी सांगत नाही.

पाश्चरला स्वतःला काय वाटायचं? थकलेला की लंगडा? त्याचा कल थकलेल्याकडे होता. कोंबड्यांच्या कॉलऱ्याचा जंतू त्यानं बरेच दिवस हवेत तसाच पडू दिला आणि तो सौम्य झाला, तेव्हा हवेतल्या ऑक्सिजनने तो झिजला अशी त्याची धारणा झाली. ॲन्थ्रॅक्सचा जंतू 42-43 अंशांवर वाढवला तरी असंच घडतं. तो सौम्यपणा नेमका कशाचा, हे कळायला शंभर वर्षं लागली. 1983 साली लक्षात आलं की त्या उष्णतेत वाढताना जंतू आपल्याजवळचं डीएनएचं एक कडं, एक प्लाझमिड, टाकून देतो, आणि विष तयार करण्याची कृती नेमकी त्याच कड्यावर लिहिलेली असते. म्हणजे लंगडा. पाश्चरने त्याचा पाय काढला होता, पण त्याला वाटत होतं आपण त्याला दमवलंय.

आपल्यापैकी बहुतेकांच्या डाव्या दंडावर अशाच एका जंतूची खूण आहे. बीसीजीही जीवाणूंची जिवंत लस, आणि ती गायीच्या क्षयाच्या जंतूपासून केलेली. काल्मेत आणि गेराँ ही दुक्कल, त्यातला गेराँ पशुवैद्य. 1908 ते 1921 अशी 13 वर्षं त्यांनी तो जंतू पित्तात शिजवलेल्या बटाट्याच्या कापांवर वाढवला, 230 वेळा, एकावरून दुसऱ्यावर. मधे पहिलं महायुद्ध झालं, लील शहर जर्मनांच्या ताब्यात गेलं, बटाटे मिळेनात, तरी काम थांबलं नाही. त्यातून निघालेला जंतू मवाळ होता. का मवाळ, ते त्यांना ठाऊक नव्हतं. आणि 1930 साली जर्मनीतल्या ल्यूबेकमध्ये ही लस दिलेली सत्तरहून अधिक बाळं क्षयाने दगावली. सगळ्या युरोपात एकच भीती उसळली, की जंतू विश्रांती घेऊन उठला. चौकशीत निघालं ते वेगळंच. तिथल्या प्रयोगशाळेत लशीमध्ये क्षयाचा खरा, जहाल जंतू मिसळला गेला होता. बीसीजी उठलेला नव्हता. पण तो उठू शकत नाही असं छातीठोकपणे सांगायचा आधार मात्र तेव्हा कुणाकडेच नव्हता. बीसीजीच्या जनुकांतला नेमका कोणता तुकडा गळून पडलाय ते 1996 साली दिसलं. तोपर्यंत जगभरातल्या कोट्यवधी बाळांचे दंड टोचून झाले होते. माझाही.

एम्समध्ये राहिलं की असे भूतकाळातले घोटाळे पायात येतात. अमेरिकेतल्या डुकरांमध्ये एकोणिसाव्या शतकात ज्या मरतुकी व्हायच्या त्यांना इथे हॉग कॉलरा म्हणायचे. 1885 च्या सुमारास डॅनियल सॅल्मन आणि थिओबाल्ड स्मिथ यांनी त्या डुकरांतून एक जीवाणू वेगळा केला आणि हाच तो गुन्हेगार असं ठरवलं. पुढे 1903 मध्ये दिसलं की खरा रोग विषाणूचा आहे. तो जीवाणू आपला आयत्या वेळी घुसलेला दुसराच. पण तोवर त्याचं बारसं होऊन गेलं होतं आणि सॅल्मनचं नाव साल्मोनेला म्हणून आज जगभरच्या हगवणीला चिकटलंय. ज्या माणसानं पशुवैद्यकासाठी एवढं केलं, त्याच्या वाट्याला हे यावं! तरी तो जंतू निरपराध नव्हेच. साल्मोनेला कॉलरीसुइस डुकरांच्या रक्तात उतरतो, फुप्फुसं धरतो, कान आणि पोट निळंजांभळं पडतं, आणि क्वचित माणसालाही भारी पडतो. त्याच्यावर आयोवा स्टेट विद्यापीठात लस झाली. पद्धत बोलेनच्याच घराण्यातली, फक्त ससे नाहीत. जंतू डुकराच्याच पांढऱ्या पेशींमध्ये सोडायचा, म्हणजे जिथे त्याला मारायला टपलेले शिपाई असतात तिथेच, आणि जे तगतात ते उचलून पुन्हा सोडायचे. होता होता त्याने आपलं मोठं प्लाझमिड गमावलं आणि तो निवळला. तो लंगडा आहे हे इथे दाखवता आलं.

बादलीतला जंतू मात्र साल्मोनेला नव्हता, लॉसोनिया होता. त्याचीही गोष्ट एम्समधूनच सुरू होते. लहान आतडं जिथे संपतं, तिथला शेवटचा भाग काही डुकरांत जाड होतो, आतून मेंदूसारख्या वळ्या पडतात. इथले व्हेट त्याला होज गट म्हणतात आणि शवविच्छेदनात तो हाताला लागला की पुन्हा विसरता येत नाही. रबरासारखं घट्ट, वजनदार काहीतरी, जे आतडं असायला नको. 1931 साली इथल्याच दोघांनी त्याचं वर्णन छापलं. जंतू हाती यायला साठ वर्षं गेली, कारण तो ताटलीत, अगारच्या जेलीवर वाढतच नाही. त्याला जिवंत पेशीच लागते, आणि ऑक्सिजनही बेताचा. 1993 मध्ये एडिंबरात गॉर्डन लॉसन आणि सहकाऱ्यांनी त्याला पेशींमध्ये वाढवून दाखवलं, दोन वर्षांनी त्याला लॉसनचंच नाव मिळालं. लस त्यानंतर आली. तोंडावाटे दिलेला सौम्य जंतू आतड्याच्या त्याच भिंतीत जाऊन बसतो, तिथल्या पहारेकऱ्यांना आपला चेहरा दाखवतो आणि काही दिवसांनी निघून जातो. मारलेल्या जंतूंच्याही लशी आहेत आणि त्या चालतात. पण आतड्याच्या दारातून आत जाऊन स्वतः ओळख करून देणं मेलेल्याला जमत नाही.

आणि एवढा खटाटोप आत्ताच का, याचं उत्तर त्या म्हाताऱ्याच्या औषधांच्या कपाटात होतं. एकेकाळी हगवणीचा प्रश्न असा नव्हताच. खाद्यात थोडंथोडं अँटिबायोटिक कायमच असायचं, त्याने पिल्लं वाढायचीही चांगली. डेन्मार्कने 2000 च्या आसपास ते बंद केलं, युरोपीय संघाने 2006 पासून, आणि अमेरिकेत 2017 पासून माणसांसाठी महत्त्वाची अँटिबायोटिक्स निव्वळ वजन वाढवायला देता येत नाहीत, खाद्यात घालायची तर व्हेटची चिठ्ठी लागते. मला हे बरोबरच वाटतं. आपल्याकडच्या हॉस्पिटलांत कुठलंच औषध लागू न पडणारे रुग्ण बघितलेल्या कुणालाही ते बरोबर वाटेल. पण सरकारी कागदावर एक ओळ खोडली, की दूध तोडलेल्या पिल्लांच्या पोटात तिचे परिणाम दिसतात, आणि ते निस्तरायला पहाटे चारला हा म्हातारा उठतो. "तुम्ही लोकांनी माझी काठी काढून घेतली," असं तो एकदा म्हणाला होता. रागाने नाही. हिशेब सांगावा तसा.

जिवंत लस बाजारात येण्याआधी एक परीक्षा असते, तिच्याबद्दल कुणी फारसं बोलत नाही. लशीचा जंतू पिल्लाला देतात. त्याच्या विष्ठेतून किंवा आतड्यातून तो परत मिळवतात आणि दुसऱ्या पिल्लाला देतात. दुसऱ्यातून तिसऱ्याला. असे निदान पाच टप्पे. प्रत्येक पायरीवर त्याला पुन्हा जहाल व्हायची पूर्ण मुभा असते. होतो का, ते बघायचं. म्हणजे म्हाताऱ्याने बादलीजवळ जे विचारलं, तेच आम्ही रीतसर जंतूलाच विचारतो: बस, विश्रांती घे, आणि उठून दाखव. ही परीक्षा चालू असते तेव्हा रोज सकाळी पिल्लांचं तापमान घेताना माझा जीव मुठीत असतो. पारा वर गेला की पोटात गोळा येतो, आणि कुठेतरी आत एक आवाज म्हणतो, उठ बरं, बघू तरी. हे कबूल करायला संकोच वाटतो. पण जिवंत जंतूबरोबर इतकी वर्षं काढली की त्याच्या जिवंतपणाचं थोडं कौतुक वाटू लागतंच.

पिल्लांचं मात्र काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. मांसासाठी वाढवलेलं डुक्कर सहा महिन्यांच्या आसपास जगतं. सव्वाशे-एकशे तीस किलोचं झालं की ट्रक येतो. त्यामुळे लशीचं संरक्षण किती काळ टिकावं, याला इथे एक स्पष्ट मर्यादा आहे: ट्रक येईपर्यंत. त्यापुढची प्रतिकारशक्ती फुकट जाते. माणसांच्या लशींवर काम करणारे मित्र दहा वर्षं, वीस वर्षं, जन्मभर असं बोलतात तेव्हा मी गप्प असते. आयोवात दोन कोटींहून जास्त डुकरं आहेत आणि माणसं पुरती तेहतीस लाखही नाहीत. इतक्या मोठ्या संख्येने वाढणाऱ्या आणि मरणाऱ्या जनावरांचं पोट मरेपर्यंत दुखू नये, एवढंच काम मी करते असं स्वतःला सांगते. ते खोटं नाही. पुरेसं आहे का, यावर माझं मत दिवसाप्रमाणे बदलतं. चतुर्थीला तर नक्कीच बदलतं, आणि सहकाऱ्यांच्या बार्बेक्यूला मी बटाट्याचं सॅलड घेऊन जाते.

अलीकडे या क्षेत्रात जे चाललंय ते त्या म्हाताऱ्याच्या दोन्ही पर्यायांत बसत नाही. आता जंतूला दमवत नाहीत, आणि कुठे मोडतो ते दैवावर सोडत नाहीत. हवं ते जनुक नेमकं कापतात. साल्मोनेलावर अशी नेमकी कात्री चालवणाऱ्यांत रॉय कर्टिस हे मोठं नाव. त्यांच्या गटाने जनुकं कापून सौम्य केलेला साल्मोनेला डुकरांसाठीही तयार केला. पण फार नीट कापलं की वेगळीच अडचण येते. जन्मतःच अधू असलेला जंतू पोटातल्या आम्लातून, पित्तातून पुढे जाण्याआधीच संपतो, आणि शरीराला त्याचा पत्ताही लागत नाही. म्हणून कर्टिस यांनी पुढे एक भलताच मार्ग काढला. जंतू धडधाकटच ठेवायचा, पण त्याची काही महत्त्वाची जनुकं अशा साखरांवर अवलंबून ठेवायची ज्या आम्ही प्रयोगशाळेत देतो आणि त्याला प्राण्याच्या अंगात तशा मोकळ्या सापडत नाहीत. अ‍ॅरॅबिनोज, मॅनोज. निघताना त्याच्याजवळ शिदोरी असते. त्या जोरावर तो आम्लातून जातो, आतड्यात शिरतो, ज्या पेशींना भेटायचं त्यांना भेटतो. तिथे तो विभागत राहतो, दर विभागणीला शिदोरी निम्मी होते, आणि काही पिढ्यांत तो हतबल होतो. निघताना बलवान, पोचल्यावर निर्बल.

आमच्या टेबलावरचा सध्याचा वाद या शिदोरीचाच आहे. किती द्यायची? जास्त झाली तर पिल्लांना दोन दिवस सणसणून ताप येईल. कमी पडली तर जंतू वाटेतच संपेल, आणि मग मेलेली लस टोचण्यात आणि या सगळ्या उपद्व्यापात फरक काय राहिला? माझं मत थोडी सढळ द्यावी असं. माझी सहकारी उलट मताची, आणि ती डुकरांच्या शेतावरच वाढलेली असल्याने तिचं म्हणणं हसण्यावारी नेता येत नाही. बैठकीत ती म्हणाली, ठीक आहे, सढळ देऊ, पण ताप आलेल्या पिल्लांकडे रात्री कोण बघणार ते आधी सांगा. खोलीत कोणी बोलेना. मी वेळापत्रकाचा कागद ओढला आणि पहिल्या आठवड्याच्या रात्रींपुढे माझं नाव लिहिलं.